पाकिटावरचं चित्र कोण पाहतं?

भारतात कायद्याने विकल्या जाणाऱ्या सिगारेटच्या पाकिटावर दोन्ही मुख्य बाजूंची ८५ टक्के जागा आरोग्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवावी लागते. त्यातली ६० टक्के चित्राला आणि २५ टक्के मजकुराला. कर्करोगाने पोखरलेल्या तोंडाचं किंवा घशाचं छायाचित्र, ठळक अक्षरांतलं एक वाक्य आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक. कंपनीचं नाव, रंग आणि चिन्ह यांच्या वाट्याला उरतात १५ टक्के. एवढा मोठा इशारा सक्तीने छापायला लावणारे देश जगात मोजकेच आहेत.

आता रायगड जिल्ह्यातल्या रोह्याच्या स्टेशनबाहेर किंवा धाटाव औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर एखाद्या पानटपरीपाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. पहिल्या पाळीचा कामगार येतो, नाणी पुढे करतो आणि ब्रँडचं नुसतं अर्धं नाव उच्चारतो. टपरीवाल्याच्या मांडीजवळ उघडं पाकीट असतं. त्यातली एक सिगारेट तो दोन बोटांनी वर काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर असतो. सिगारेट पेटते, माणूस बाजूला होतो, पुढचा येतो. सगळा व्यवहार पंधरा-वीस सेकंदांचा. पाकीट मात्र टपरीवाल्याकडेच राहिलेलं असतं, आणि त्यावरचं चित्रही. ज्याच्यासाठी ते छापलं, त्याच्या हातात फक्त पांढरी नळी गेली. तिच्यावर कोणताही इशारा छापलेला नसतो.

तंबाखूच्या वेष्टनाचे कायदे माणसाच्या खरेदीवर परिणाम करतात का, या प्रश्नाचं उत्तर इथूनच शोधायला हवं. जगभरचा पुरावा सांगतो की हे कायदे परिणाम करतात. पण तो परिणाम होतो पाकीट विकत घेणाऱ्यावर. जिथे माल सुटा विकला जातो तिथे वेष्टनाचा कायदा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सुट्या विक्रीचा प्रश्न सोडवल्याशिवाय पाकिटावरचं चित्र कितीही मोठं केलं, तरी रोह्यासारख्या गावात त्याचं काम अर्धवटच राहणार.

एका ओळीपासून ८५ टक्क्यांपर्यंत

सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती आपल्याकडे पहिल्यांदा १९७५ च्या कायद्याने आली. तेव्हा एक छोटीशी ओळ पुरत असे, आणि तीही फक्त सिगारेटला. विडी, जर्दा, तपकीर, मिश्री या साऱ्यांना कायदा शिवलाच नव्हता. महाराष्ट्रात सिगारेट ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट लोक तंबाखू तोंडात धरतात. म्हणजे राज्यातल्या बहुसंख्य तंबाखूखोरांना त्या कायद्याने एक अक्षरही सांगितलं नाही.

ही उणीव २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्याने दूर केली. ‘कोटपा’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या अनुसूचीत दहा प्रकार आहेत. सिगारेट, चिरूट आणि विडीपासून गुटख्यापर्यंत, आणि अगदी शेवटी तंबाखूची दंतमंजनंसुद्धा. कलम ७ प्रमाणे इशारा नसलेलं तंबाखूचं वेष्टन बनवणं, पुरवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा झाला तरी चित्रं यायला सहा वर्षं लागली. ३१ मे २००९ पासून, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनापासून, ती पाकिटांवर दिसू लागली. पुढच्या बाजूचा ४० टक्के भाग, धूम्रपानाच्या मालावर रोगट फुप्फुसं आणि खायच्या तंबाखूवर विंचू. विंचवावर तेव्हाच टीका झाली. तंबाखूने तोंडात काय होतं, हे विंचू पाहून कुणाला कळणार? वाचता न येणाऱ्या माणसाला विंचवाच्या चित्राचा अर्थ कारखान्याचं चिन्ह असाही लागू शकतो. पुढे ही चित्रं बदलली आणि प्रत्यक्ष रोग्यांची छायाचित्रं आली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने इशारा दोन्ही बाजूंनी ८५ टक्के करण्याची अधिसूचना काढली. अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हायचा होता. इथून पुढच्या घडामोडीत महाराष्ट्र वारंवार येतो. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचं तोंडाच्या कर्करोगाने निधन झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच, या नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारे अभ्यास परदेशांतले आहेत, भारतातले नाहीत, अशा अर्थाचं विधान केलं. त्यावरून देशभर गदारोळ उठला. शरद पवारांनी आपल्याला झालेला तोंडाचा कर्करोग आणि त्यामागचं गुटख्याचं व्यसन याबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. तंबाखूविरोधी मोहिमेचा चेहरा झालेल्या मध्य प्रदेशातल्या सुनीता तोमर यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या इशाऱ्यांची मागणी केली होती. ज्या दिवशी तो इशारा लागू व्हायचा होता, त्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ ला, त्या गेल्या. इशारा मात्र लांबणीवर पडला होता.

अखेर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. सिगारेट कंपन्यांनी काही दिवस उत्पादन थांबवलं. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि ८५ टक्के कायम राहिले. १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर मदतीचा क्रमांकही आला. पाकिटावरच्या काही चौरस सेंटिमीटर जागेसाठी इतकी वर्षं इतकी झुंज का व्हावी? कारण विक्री कुठे होते ते कंपन्यांना नीट ठाऊक असतं. बहुतेक जाहिरातींवर बंदी आल्यापासून पाकीट ही त्यांची उरलेली मोठी जाहिरात आहे.

चित्राने खरंच काही होतं का?

‘ओढणारा ओढतोच’, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते तपासून पाहायला हवं.

देशभर घरोघरी जाऊन केलेली प्रौढांची जागतिक तंबाखू पाहणी २००९-१० आणि २०१६-१७ अशी दोनदा झाली. दुसऱ्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के लोकांनी सांगितलं की पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. विडी ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के आणि खायची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये ४६.२ टक्के होतं. सिगारेटवाल्यांचं पहिल्या पाहणीतलं प्रमाण ३८ टक्के होतं. मधल्या काळात बाकीही बरंच बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय चित्रांना देता येणार नाही. तरीही इशारा मोठा आणि स्पष्ट होत गेला तसा तो अधिक लोकांच्या मनाला लागला, एवढं या आकड्यांवरून दिसतं.

पण मनात विचार येणं निराळं आणि हात थांबणं निराळं. त्यासाठी अमेरिकेतला एक प्रयोग पाहू. कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर तो झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची मांडणी साधी होती. लोकांनी आपल्या पैशाने आपली नेहमीची सिगारेट घ्यायची आणि पाकिटं संशोधकांकडे आणायची. संशोधक निम्म्या लोकांच्या पाकिटांवर चित्राचे इशारे चिकटवत, उरलेल्यांच्या पाकिटांच्या बाजूला फक्त मजकूर. चार आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा चित्रवाल्यांपैकी ४० टक्क्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला होता, मजकूरवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. शेवटचे निदान सात दिवस सिगारेटला हात न लावलेले चित्रवाले ५.७ टक्के होते आणि मजकूरवाले ३.८ टक्के. शंभरांत दोघांचा फरक किरकोळ वाटेल. पण एका कागदी चित्राने, ना औषध ना डॉक्टर, चार आठवड्यांत शंभरांतले आणखी दोघे सुटतात. हे प्रमाण कोट्यवधी लोकांना लावलं की त्याचं मोल कळतं.

ऑस्ट्रेलियाने आणखी एक पाऊल टाकलं. १ डिसेंबर २०१२ पासून तिथे सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच मळकट तपकिरी रंगाची झाली. ब्रँडचं नाव साध्या, ठरावीक टाइपात, बाकी जागा इशाऱ्याला. न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशात व्यसनमुक्तीच्या मदतवाहिनीवर येणारे फोन त्यानंतर ७८ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. लोक पाकिटावर आवरण चढवू लागले, सिगारेटी दुसऱ्या डबीत काढून ठेवू लागले. चित्र लपवण्याची धडपड हीच त्याच्या परिणामाची खूण आहे. जे मनाला लागत नाही ते कुणी झाकत नाही.

हे कसं घडतं? दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा माणूस दहा वेळा पाकीट खिशातून काढतो, म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा. प्रत्येक वेळी तेच चित्र समोर येतं. टेबलावर पाकीट ठेवलं की ते बायकोच्या आणि मुलांच्याही नजरेला पडतं. घरात पाचसहा वर्षांच्या मुलीने ‘बाबा, या काकांच्या तोंडाला काय झालंय?’ असं विचारलं, की त्या प्रश्नाने होतो तो परिणाम दहा भाषणांनीही होणार नाही. नजर चित्राला सरावते, म्हणून ती वेळोवेळी बदलावी लागतात. आपल्या नियमांतही चित्रांची अदलाबदल करण्याची तरतूद आहे. अक्षर न येणाऱ्यालाही चित्र वाचता येतं. रायगडातल्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी माणसाला इंग्रजी किंवा हिंदी वाक्यापेक्षा सडलेला जबडाच जास्त सांगून जाईल.

हे सगळं खरं, पण अमेरिकेतल्या त्या प्रयोगात एक गोष्ट गृहीत होती. प्रत्येक माणूस पाकीट विकत घेत होता. हाच प्रयोग रोह्यात करायचा ठरवला, तर संशोधकांनी स्टिकर चिकटवायचं कशावर?

रोह्याचा बाजार

सुटी सिगारेट का घेतली जाते, याचा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडून पाहू. समजा, दहाच्या पाकिटाची किंमत दीडशे रुपये आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याला सकाळी एकदम दीडशे रुपये काढणं जड जातं. पंधरा रुपये मात्र खिशातून सहज निघतात, आणि दिवसात चार वेळा निघतात. संध्याकाळी साठ रुपये गेलेले असतात, पण कुणीही ‘मी आज साठ रुपयांची सिगारेट घेतली’ असा विचार केलेला नसतो. सरकारने कर वाढवला की पाकिटाची किंमत एकदम पंधरा-वीस रुपयांनी वाढलेली दिसते. सुट्या सिगारेटीला ती वाढ रुपया-दोन रुपयांची होते आणि अंगवळणी पडते. म्हणजे तंबाखू महाग करून ती सोडायला लावायची, हे दुसरं मोठं हत्यारही सुट्या विक्रीपुढे बोथट होतं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पोरांचं. पहिली सिगारेट कुणीही पाकीट घेऊन ओढत नाही. कॉलेजातलं किंवा दहावी-अकरावीतलं पोरगं मित्रांबरोबर टपरीवर जातं आणि एक सिगारेट तिघांत फिरते. पाकीट घ्यायचं तर पैसे नाहीत, घरी लपवायला जागा नाही, दप्तरात सापडण्याची भीती आहे. सुट्या विक्रीने हे तिन्ही अडसर दूर होतात. पुरावा तिथल्या तिथे धूर होऊन जातो. कोटपाच्या कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे. पण एक सिगारेट विकणाऱ्याला वय विचारायची सवयच नसते.

विडीचं निराळं आहे. विडी स्वस्त असल्यामुळे बंडल घेणं परवडतं, त्यामुळे वेष्टन गिऱ्हाइकाच्या हातात जातं. पण बंडलाचा कागद पातळ असतो, छपाई पुसट असते आणि गोल बंडलावर चित्र गुंडाळलं जातं. चित्राचा अर्धा भाग पाहायचा तर बंडल फिरवावं लागतं. पहिली विडी काढताना वरचा कागद फाडला जातो आणि त्याबरोबर चित्रही फाटतं. पहिल्या पाहणीपासून विडीवाल्यांवर इशाऱ्याचा परिणाम सिगारेटवाल्यांपेक्षा कमी दिसतो, त्याला हेही एक कारण असणार. उलट, वेष्टनावरची खूण विडीवाल्याला किती महत्त्वाची असते, हे २०२० साली दिसलं. छत्रपती संभाजी महाराजांचं नाव विडीच्या बंडलावर असल्याबद्दल संताप व्यक्त झाला आणि पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीने ‘संभाजी विडी’चं नाव बदलून ‘साबळे विडी’ करण्याचा निर्णय घेतला. दशकानुदशकं रुळलेलं नाव बदलण्याची वेळ एखाद्या विडी कारखान्यावर येणं हा त्या कागदाच्या वजनाचा पुरावा आहे.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत आगपेटी-लायटर फाटकातच काढून ठेवावे लागतात, आत धूम्रपानाचा प्रश्नच नाही. मग आठ तासांची तलफ भागवायला अनेकजण तंबाखू-चुना मळतात. तंबाखूची पुडी खिशात राहते, तिच्यावर चित्र असतं, म्हणजे इथे इशारा निदान सोबत जातो. पण पुडीतली तंबाखू डबीत ओतली की पुडी कचऱ्यात आणि डबीवर चित्र नसतं. एकाने मळलेली चिमूट चौघांत वाटली जाते, तेव्हा उरलेल्या तिघांनी पुडी पाहिलेलीच नसते.

आणि मिश्री? कोकणातल्या कितीतरी घरांत आजही तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी दात घासायच्या निमित्ताने ती बोटावर येते. पुढे दुपारी, संध्याकाळी, काम झालं की पुन्हा. बायकांना हे व्यसन आहे असं वाटतही नाही, कारण ती दंतमंजनाच्या रूपात घरात आलेली असते. कोटपाच्या अनुसूचीत तंबाखूचं दंतमंजन आहे खरं, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला वेष्टनच नसतं, तर इशारा कुठे छापणार? मुंबईत गरोदर स्त्रियांवर प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेक मिश्रीच वापरणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळलं. ही माहिती पाकिटावर देता येत नसेल, तर ती आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या तोंडूनच घरोघर जायला हवी.

पुडी फुटली तेव्हा

वेष्टनाचे नियम बदलले की माल विकण्याची पद्धत कशी बदलते, याचा मोठा धडा गुटख्याने दिला. मार्च २०११ पासून प्लॅस्टिकच्या पुड्यांतून गुटखा, तंबाखू आणि पानमसाला विकायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मनाई झाली. पुढच्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, महाराष्ट्राने अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली. याआधी २००२ साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नव्हती. यावेळी मात्र, तंबाखू आणि निकोटीन कोणत्याही अन्नपदार्थाचा घटक असता कामा नये, हा २०११ चा केंद्रीय नियम पाठीशी होता. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही बंदीच्या कक्षेत आली.

बंदीनंतर बाजाराने वाट काढली. एकाच पुडीत तंबाखू घालायला मनाई, म्हणून दोन पुड्या आल्या. एकीत तंबाखूविरहित पानमसाला, दुसरीत नुसती तंबाखू. दोन्ही एकमेकींशेजारी टांगलेल्या आणि बहुधा एकदमच घेतल्या जाणाऱ्या. गिऱ्हाईक पहिली फाडतं, दुसरी तिच्यात ओततं, पुडी हलवतं आणि तोंडात टाकतं. कारखान्यात व्हायचं मिश्रण आता हातात होऊ लागलं. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडपुड्यांविरुद्धही कायद्याचं पालन करायला सांगितलं. तरी रेल्वे स्टेशन, एसटी स्थानक आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या थांब्यांवर हा माल शोधावा लागत नाही. धडा हा की कायद्याने एका वेष्टनाकडे बोट दाखवलं की विक्री वेष्टनच बदलते. म्हणून नियम लिहिताना गिऱ्हाईक प्रत्यक्ष माल कसा घेतं, हे आधी पाहायला हवं.

सुट्या विक्रीवर बंदी

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. यामागचं कारण सरळ होतं. प्रत्येक वेष्टनावर इशारा असला पाहिजे, असं कायदा म्हणतो. सुटी सिगारेट वेष्टनाबाहेर विकली जाते, त्यामुळे घेणाऱ्याला इशारा दिसत नाही, म्हणजेच कायद्याचा हेतू मारला जातो. हिमाचल प्रदेशाने २०१६ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला होता. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार भारताने २००४ साली मान्य केला. त्याच्या सोळाव्या कलमातही, अल्पवयीनांना परवडतील अशा एकेका सिगारेटीच्या किंवा लहान पाकिटांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा प्रयत्न करावा, असं म्हटलं आहे.

म्हणजे नियम आहे. रोह्यातल्या टपऱ्यांवर मात्र तो दिसत नाही, आणि राज्यातल्या बहुतेक गावांतही नाही. का नाही, याला तीन कारणं आहेत.

पहिलं, टपरीवाल्याचं पोट. सुट्या सिगारेटीत त्याला पाकिटापेक्षा थोडा जास्त नफा मिळतो. शिवाय एक सिगारेट ओढायला थांबलेला माणूस चहा, पान, बिस्किटंही घेतो. त्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. टपरीचा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना ही अट त्यात स्पष्ट लिहिली, तर प्रत्येक टपरीवाल्यासाठी नियम सारखाच होईल. ‘मी बंद केलं आणि पलीकडचा विकतोय’ ही तक्रार तेव्हाच संपेल.

दुसरं कारण गिऱ्हाइकाचं आहे. सुटी मिळाल्यामुळेच आपण कमी ओढतो, पाकीट घेतलं तर दिवसाला संपवू, असं अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात. यात थोडं तथ्यही आहे. मेक्सिकोत झालेल्या एका अभ्यासात काही लोक ओढणं कमी करण्यासाठी सुटी सिगारेट घेत असल्याचं दिसलं. पण त्याच अभ्यासात, सुट्या सिगारेटी विकताना दिसल्या की ओढण्याची इच्छा चाळवते, हेही दिसलं. ज्याने सोडायचं ठरवलं त्याला दर वळणावर उघडं पाकीट दिसत राहिलं, तर त्याचा निश्चय टिकायला किती जड जाईल?

तिसरं कारण अंमलबजावणीचं. कोटपाखाली कारवाई करण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहे. गुटख्याचा विषय अन्न व औषध प्रशासनाकडे आहे आणि रायगडचं त्यांचं कार्यालय पेणला आहे. गावातल्या टपऱ्यांचा संबंध नगर परिषदेशी आणि ग्रामपंचायतीशी. शाळेभोवतीच्या हद्दीचा विषय शाळेचा. चार ठिकाणी वाटलेली जबाबदारी कुणाचीच होत नाही.

कॅनडाने यावर वेगळा उपाय काढला. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तिथल्या प्रत्येक सिगारेटीवर, म्हणजे नळीवरच, छोटासा इशारा छापला जाऊ लागला. असं करणारा कॅनडा पहिला देश आहे. पाकिटाबाहेर पडलेली सिगारेटही त्यामुळे काहीतरी सांगत राहते. सुटी विक्री इतकी रुजलेल्या आपल्या देशाला या उपायाची कॅनडापेक्षा जास्त गरज आहे. विड्यांनाही हे करता येईल का, यावर विचार व्हायला हवा. तेंदूपानावर छापणं कठीण आहे. विडीला बांधलेल्या दोऱ्याचा रंग किंवा बंडलाचा जाड, न फाटणारा कागद यांसारखे मार्ग शोधता येतील.

आपल्याला काय करता येईल

महाराष्ट्रात प्रौढांमधलं तंबाखूचं प्रमाण दोन पाहण्यांच्या दरम्यान ३१.४ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आलं. धूम्रपान ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर. खायच्या तंबाखूत मात्र २७.६ वरून २४.४ एवढीच घट. म्हणजे वाट बरोबर आहे, पण दुसऱ्या पाहणीच्या वेळीही जवळपास चौघांतला एकजण तंबाखू तोंडात धरत होता. त्यामुळे वेष्टनाचा कायदा नुसता मोठा होऊन चालणार नाही. तो गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत गेला पाहिजे.

रोहा अष्टमी नगर परिषदेने आणि पेण नगर परिषदेने टपरीच्या परवान्यात सुट्या विक्रीच्या बंदीची अट घालावी आणि वर्षातून एकदा तरी ती तपासावी. शाळांनी आपल्या फाटकापासून १०० यार्डांची रेघ स्वतः मोजून घ्यावी आणि आत विक्री असेल तर लेखी तक्रार करावी. आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद होताना मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावं. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच.

आणि वाचक, तुम्ही स्वतः ओढत असाल, तर टपरीवर पुढच्या वेळी पाकीट मागा आणि ते हातात घेऊन दोन्ही बाजू नीट पाहा. त्यावरचा क्रमांक १८००-११-२३५६ हा दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतून २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा आहे. फोनला पैसे पडत नाहीत. तुमच्या घरात ओढणारं किंवा मिश्री लावणारं कुणी असेल, तर हा क्रमांक आजच त्यांच्या फोनमध्ये जपून ठेवा.